एकशे अठ्ठावन्न

दुपारी पाचला चरबी काढायला बसले.
तेरा पौंडांची बीफची छाती, गार, बुळबुळीत,
झोपलेलं मूल कडेवरून सुटावं तशी फळीवरून घसरत होती.
सुरी लेलँडची. धार लावायचा दगडही त्याचाच.
चरबी किती ठेवायची, हे त्याने कुणाला सांगितलं नाही कधी,
नुसतं करंगळीचं अर्धं नख दाखवायचा
आणि आम्ही बायका बटाट्याच्या सॅलडकडे वळायचो.

मीठ. मिरी. संपलं.
शेजारचा वेस्ली म्हणाला, आधी मोहरी फास.
मी हो म्हटलं, आणि फासली नाही.

हा स्मोकर त्याने प्रोपेनच्या जुन्या टाकीतून जोडला,
मी नवऱ्याला सोडून या घरी आले त्या वर्षी.
दार नीट बसत नाही, डाव्या कोपऱ्यातून धूर गळतो.
तेवीस ऑक्टोबर आम्ही ह्रूश्का याच्याच धुरावर जेवलो.
या मार्चमध्ये त्याच्या डोक्यात एक शीर फुटली,
उजवा हात गेला, आणि शब्द गेले,
दोन सोडून सगळे:
एक "नाही",
आणि दुसरा, का कोण जाणे, "मंगळवार".

आठला मांस आत ठेवलं.
पहिला तास धूर पांढराफटक, डोळ्यांत जाणारा, कडवट.
मग ओक नीट पेटला आणि चिमणीवर
जवळजवळ काहीच दिसेना,
फक्त पलीकडचे तारे जरा हलत होते.
तेव्हा मला वाटलं, जमतंय.

एक वाजता एकशे अठ्ठावन्न अंश.
दोनला एकशे अठ्ठावन्न.
तीनला एकशे सत्तावन्न. म्हणजे मागे!
काटाच खोटा म्हणून स्वयंपाकघरात जाऊन
उकळत्या पाण्यात बुडवला: दोनशे बारा.
काटा खरा होता.
मांसाला घाम येतो म्हणे, आणि त्या घामाने ते गार राहतं,
खाली जाळ असताना.
वाचलं होतं मी हे. पण पहाटे तीनला, अंगावर भावाचं जाकीट,
उद्या जेवायला एकसष्ट माणसं,
वाचलेलं काय कामाचं?

तीन ओंडके उचलले एकदम.
तोच त्याच्या खोलीचा दिवा लागला.
खुर्ची खिडकीशी आली. जाळीमागे फक्त कपाळ दिसत होतं.
"नाही," तो म्हणाला.
मी दोन खाली ठेवले.
"नाही."
तिसराही ठेवला.
मग आम्ही दोघं, तो आत, मी बाहेर,
बसून राहिलो. एकशे अठ्ठावन्न.
उत्तरेचा वारा आला, कुत्रा माझ्या बुटांवर येऊन झोपला.
त्या माणसाशी इतका वेळ गप्प
मी आयुष्यात बसले नव्हते. तो बडबड्या होता फार.

साडेचारला एकशे एकसष्ट.

सकाळी नवाला कागदात बांधलेली ती काळी वस्तू
आंघोळीच्या टॉवेलांत गुंडाळून बर्फाच्या रिकाम्या पेटीत निजवली,
आणि चर्चच्या हॉलपर्यंत गाडी तिशीनेच चालवली.

पेकनच्या झाडांखाली अल्बिना आत्याने प्रार्थना लांबवली.
मी कापलं. कडेचा भाग कोरडा, थापीसारखा.
टोकाचा मात्र बोटावर ठेवला तर वाकला, तुटला नाही.
पहिला काप त्याला.
डाव्या हाताने खाल्ला, खूप वेळ, डोळे मिटून,
एकसष्ट माणसं लोणच्याच्या बरणीशी चाळा करत थांबलेली.

मग त्याने ताटलीतली उरलेली चरबीची पट्टी
बोटाने सरळ केली
आणि शेजारी डावी करंगळी ठेवली.
अख्खं नख. वर थोडी अजून.
"नाही," तो म्हणाला.
पोरं हसली. वेस्ली पुटपुटला, मोहरी.

ताटली मात्र पुढे केली.
मी टोकाचा जाड तुकडा वाढला, साल काळीकुट्ट,
चरबी खरवडून, अर्ध्या नखाएवढी ठेवून.
त्याने एक घास खाल्ला.
"मंगळवार," तो म्हणाला.
शनिवार होता.